कापड पास, नदी नापास: तिरुप्पूरच्या रंगाईचं प्रकरण

२८ जानेवारी २०११ रोजी मद्रास उच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या तिरुप्पूरमधले सगळे डाईंग आणि ब्लीचिंगचे कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. सातशेहून जास्त युनिटं होती. त्यांची वीज तोडण्यात आली. देशातली सर्वात जास्त होजिअरी जिथून निर्यात होते, त्या शहरात विणायला यंत्रं होती, शिवायला माणसं होती, हातात ऑर्डरी होत्या, आणि कापड रंगवायला जागा नव्हती.

हा आदेश आला तेव्हा तिरुप्पूरमध्ये शिवलेले टी-शर्ट, झबली, आतले कपडे युरोपच्या दुकानांत ‘हानिकारक पदार्थांसाठी तपासलेले’ अशा लेबलासह विकले जात होते. ती लेबलं खोटी नव्हती. तपासणी खरी होती आणि अहवालातले आकडेही खरे होते. तरीही ते कापड ज्या नदीच्या काठी रंगलं, त्या नोय्यलचं पाणी शेताला देण्याच्या लायकीचं उरलं नव्हतं. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हे कळण्यासाठी तिरुप्पूरइतकं बोलकं प्रकरण माझ्या माहितीत दुसरं नाही. इचलकरंजी, सोलापूर, भिवंडीत प्रोसेसिंग आणि निर्यातीत असलेल्या आपल्या लोकांनी ते बारकाईने पाहावं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

अंगावर येणाऱ्या कापडाची परीक्षा

१९९२ साली ऑस्ट्रिया आणि जर्मनीतल्या दोन वस्त्रसंशोधन संस्थांनी मिळून ओको-टेक्स स्टँडर्ड १०० हे हानिकारक पदार्थांसाठी तपासलेल्या कापडाचं प्रमाणपत्र आणलं. दोन वर्षांनी, १९९४ मध्ये जर्मनीने काही अ‍ॅझो रंगांवर कायद्याने बंदी घातली आणि भारतातल्या डाईंगवाल्यांची झोप उडाली. अ‍ॅझो रंग हा रंगांचा फार मोठा गट आहे, आणि त्यातले सगळे वाईट नसतात. पण काही रंग तुटले की त्यातून बेंझिडीनसारखी अमाइन्स नावाची रसायनं सुटतात. बेंझिडीनमुळे मूत्राशयाचा कर्करोग होतो हे रंगाच्या कारखान्यांतल्या कामगारांवरून फार आधी कळलेलं होतं. भारत सरकारनेही १९९७ पर्यंत एकूण ११२ रंगांवर बंदी आणली. पुढे युरोपीय संघाने २२ अमाइन्सची यादी आणि किलोमागे ३० मिलिग्रॅमची मर्यादा ठरवली. ओको-टेक्सची मर्यादा त्याहून कडक, २० मिलिग्रॅम.

ही चाचणी कशी होते ते एकदा बघण्यासारखं आहे. कापडाचा एक ग्रॅमचा तुकडा बारीक कापून सायट्रेट बफरमध्ये ७० अंश सेल्सिअसला अर्धा तास ठेवतात. मग त्यात सोडियम डायथायोनाइट घालतात, म्हणजे आपण डाईंगमध्ये ज्याला हायड्रो म्हणतो तेच. अर्ध्या तासात रंग तुटतो. लाल तुकडा पिवळट पडतो, काळा तपकिरी होतो. मग त्या द्रावातून अमाइन्स वेगळी काढून यंत्रावर मोजतात. अंगाच्या घामाने, जिवाणूंमुळे रंग तुटला तर काय निघेल, याची ही प्रयोगशाळेतली कठोर नक्कल.

याशिवाय फॉर्मल्डिहाइड, जड धातू, कीटकनाशकांचे अंश, क्लोरिनेटेड फिनॉल्स, कापडाचा पीएच, घामाला आणि लाळेला रंगाचा पक्केपणा असं बरंच काही तपासलं जातं. मालाचे चार वर्ग आहेत आणि तीन वर्षांखालच्या बाळांच्या कपड्यांचा वर्ग सगळ्यात कडक. त्वचेला लागणाऱ्या कपड्यात फॉर्मल्डिहाइड किलोमागे ७५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. बाळाच्या कपड्यात ते मोजता येईल इतकंही असून चालत नाही. पीएच ४ ते ७.५ च्या मध्ये. प्रमाणपत्र एका वर्षापुरतं, नंतर पुन्हा तपासणी.

ही व्यवस्था मला मनापासून आवडते. तिच्यामुळे कितीतरी घातक रंग आपल्या बाजारातून गेले आणि ते हाताळणाऱ्या आपल्याच कामगारांचीही सुटका झाली. रंगाच्या पुरवठादाराकडून लेखी हमी घेण्याची, लॉटनिहाय नोंद ठेवण्याची शिस्त आपल्या प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कापड रंगवण्या-धुण्याच्या कारखान्यांत, आली ती बायरच्या, म्हणजे परदेशी खरेदीदारांच्या, या मागण्यांमुळेच. पण परीक्षेचा विषय एकच आहे: तयार कापडात काय उरलं. कापडातून धुऊन काय गेलं आणि ते कुठे गेलं, हा प्रश्न तिथे विचारलाच जात नाही.

मिठाचा हिशोब

सुती होजिअरी आज बहुतांशी रिअ‍ॅक्टिव्ह रंगांत रंगते. हे रंग धाग्याशी रासायनिक बंधाने जोडले जातात, म्हणून धुतल्यावर टिकतात. बेंझिडीनवाले रंग मागे पडले तसा यांचा जोर आणखी वाढला. ग्राहकाच्या त्वचेच्या दृष्टीने हे उत्तम झालं.

अडचण अशी की पाण्यात कापसाच्या धाग्यावर ऋण भार येतो आणि या रंगाच्या रेणूंवरही ऋण भारच असतो. दोघं एकमेकांना दूर ढकलतात. हे ढकलणं कमी करायला बाथमध्ये, म्हणजे रंगाच्या पाण्यात, मीठ टाकावं लागतं, आणि तेही चमच्याने नाही. सॉफ्ट फ्लो नावाच्या रंगाईच्या मशीनमध्ये ५०० किलो कापडाचा लॉट घेतला आणि किलोला आठ लिटर पाणी धरलं, तर बाथ ४,००० लिटरचा होतो. गडद शेडला लिटरला ६० ग्रॅम मीठ म्हणजे २४० किलो. पन्नास किलोची जवळजवळ पाच पोती एका लॉटला. कपड्याच्या भाषेत बोलायचं तर २०० ग्रॅमच्या नेव्ही ब्लू टी-शर्टमागे सुमारे १०० ग्रॅम मीठ.

हे मीठ काम झाल्यावर कापडात राहत नाही. मीठ उरलं तर रंग नीट धुतला जात नाही, म्हणून ते काढण्यासाठीच गरम-थंड धुलाया, सोपिंग वगैरे एकामागून एक करावं लागतं. रंगाचाही वीस ते चाळीस टक्के भाग धाग्याला न लागता पाण्याबरोबर निघून जातो. जितकी धुलाई चांगली, तितकं कापड स्वच्छ, चाचणीचे आकडे चांगले, पक्केपणाचा ग्रेड वरचा. आणि तितकंच जास्त खारट, रंगीत पाणी गटारात. कापड पास होण्यासाठी जे करावं लागतं, त्यानेच पाण्याचा भार वाढतो. डाईंग मास्टरला हे रोज डोळ्यांसमोर दिसतं. प्रमाणपत्रावर मात्र त्याला जागा नव्हती.

सगळे बाथ आणि धुलाया मिळून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, लिटरला पाच ते आठ हजार मिलिग्रॅम भरतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाची मर्यादा २,१००. तिरुप्पूरमधून त्या काळात दररोज आठ ते दहा कोटी लिटर सांडपाणी निघत होतं. नऊ कोटी लिटर आणि सहा हजार टीडीएस धरा, गुणाकार करा: दिवसाला ५४० टन. मुळात पाण्यात असलेले क्षार वजा केले तरी दहा टनी ट्रकांच्या चाळीस-पन्नास खेपांइतका क्षार रोज नदीत.

खालच्या अंगाला

नोय्यल पश्चिम घाटातल्या वेळ्ळिंगिरी डोंगरात उगम पावते, कोइम्बतूर आणि तिरुप्पूरमधून जाते आणि करूर जिल्ह्यात कावेरीला मिळते. वर्षातला बराच काळ तिला स्वतःचं पाणी फारसं नसतं. अशा नदीत इतकं सांडपाणी सोडलं की ते पातळ करायलाही काही उरत नाही.

तिरुप्पूरच्या खाली या नदीवर ओरत्तुपालयम इथे शेतीसाठी धरण बांधलं गेलं. १९९२ मध्ये ते वापरात आलं. ज्या वर्षी युरोपात कापडाचं लेबल जन्माला आलं, त्याच वर्षी हे धरण. काही वर्षांतच त्यात कारखान्यांचं पाणी साठू लागलं आणि ज्यांच्यासाठी धरण बांधलं तेच शेतकरी ‘हे पाणी आमच्या शेतात सोडू नका’ म्हणू लागले. विहिरी खारट झाल्या. नारळाचं उत्पन्न घटलं. जनावरांना पाजायला पाणी दुसरीकडून आणावं लागलं. खुद्द तिरुप्पूरचं भूजल इतकं बिघडलं की डाईंगवालेच आसपासच्या गावांतून टँकरने गोडं पाणी विकत आणत होते, आणि पुढे भवानी नदीचं पाणी पन्नासहून जास्त किलोमीटरवरून पाइपाने आणण्याची दिवसाला १८.५ कोटी लिटरची योजना उभी राहिली.

मिठाबद्दल एक गैरसमज फार ऐकू येतो. ‘मीठच आहे हो, विष थोडंच आहे!’ रंगामुळे पाणी लाल-निळं दिसतं म्हणून लोक रंगाला घाबरतात. रंग आणि सेंद्रिय घाण जैविक प्रक्रियेने, चुना-फेरस टाकून काढता येते. मीठ तसं जात नाही. सोडियम जमिनीत साठतो, मातीची घडण मोडतो, पाणी मुरेनासं होतं. आपल्याकडे उसाच्या पट्ट्यात, शिरोळ-मिरजेकडे, क्षारपड झालेल्या जमिनी ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

नुकसानभरपाई ठरवणाऱ्या प्राधिकरणाने ६८ गावांतल्या सुमारे साडेअठ्ठावीस हजार शेतकऱ्यांना मिळून सुमारे २४.८ कोटी रुपये ठरवले. शेतकऱ्यामागे सरासरी नऊ हजारांच्या आत. विहीर बिघडलेल्या माणसाच्या हातावर टेकवलेली ही रक्कम वाचली की मला अजूनही खिन्न वाटतं.

सहा पैशांपासून टाळ्यापर्यंत

शेतकरी १९९० च्या दशकातच न्यायालयात गेले होते. १९९८ च्या आदेशानंतर कारखान्यांनी काही ठिकाणी स्वतःची आणि बहुतेक ठिकाणी सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रं बांधली. त्यांना सगळे सीईटीपीच म्हणतात. या केंद्रांनी रंग कमी केला, बीओडी-सीओडी, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप, उतरवला. बाहेर पडणारं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ दिसू लागलं. टीडीएस मात्र जवळजवळ आला तसाच पुढे गेला. दाखवायला प्रक्रिया होती, कागदावर यंत्रणा होती, पण ज्या घटकाने शेतं मरत होती तोच घटक तिच्यातून सुटत होता.

लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्यांच्या संघटनेने पुन्हा दाद मागितली. २२ डिसेंबर २००६ च्या आदेशात उच्च न्यायालयाने ३१ जुलै २००७ पर्यंत शून्य विसर्ग गाठायला सांगितलं, म्हणजे थेंबही बाहेर सोडायचा नाही. तोवर पाणी सोडाल तर दंड भरा: पहिले तीन महिने लिटरला ६ पैसे, मग ८, मग १०. दिवसाला एक लाख लिटर सोडणाऱ्या युनिटला सहा पैशांनीच रोजचे ६,००० रुपये बसतात. कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले. ऑक्टोबर २००९ मध्ये तिथेही तेच ठरलं. उद्योग परकीय चलन आणतो, लाखो लोकांना काम देतो, हे मान्य करूनही ज्याने प्रदूषण केलं त्यानेच किंमत मोजावी, हे तत्त्व न्यायालयाने सोडलं नाही आणि तीन महिन्यांची मुदत दिली. मुदत उलटली. अवमान याचिका झाली. मग २०११ चा तो जानेवारी.

या सगळ्या घडामोडींत मला खटकणारी गोष्ट अशी की जवळपास वीस वर्षं युरोपचे बायर तिरुप्पूरला येत होते, शेडकार्ड बघत होते, अमाइनचे अहवाल मागत होते, आणि पुलावरून जाताना खालचं पाणी त्यांनाही दिसत होतं. नदी वाचवण्यासाठी पहिलं ठोस पाऊल उचललं ते हळद, नारळ आणि कडबा पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी, वकील लावून. मला कुणावर दोष ठेवायचा नाही. ज्या गोष्टीचा कागद मागितला जातो त्या गोष्टीवर कारखानदार पैसे खर्च करतो. अमाइनचा कागद मागितला, अमाइन्स गेली. पाण्याचा कागद कुणी मागत नव्हतं.

बंद पडल्यावर कापड कुठे गेलं

कारखाने बंद झाले, ऑर्डरी मात्र थांबल्या नाहीत. विणलेलं कोरं कापड ट्रकांत भरून दुसऱ्या गावांना, दुसऱ्या राज्यांना रंगायला जाऊ लागलं. काही ठिकाणी आडगावात, नदीनाल्यांच्या काठी विनापरवाना युनिटं उभी राहिल्याच्या तक्रारी होऊ लागल्या.

प्रमाणपत्राच्या दृष्टीने प्रकरणातला सर्वात शिकण्यासारखा भाग हाच आहे. समजा, एखाद्या निर्यातदाराचा नेव्ही टी-शर्ट आधी तिरुप्पूरमध्ये रंगत होता आणि आता चारशे किलोमीटरवर कुठेतरी रंगू लागला. रंग त्याच कंपनीचा, रेसिपी तीच, धुलाई नीट. प्रयोगशाळेत तुकडा पाठवला तर निकाल तोच येणार. खारट पाणी कुठल्या नदीत गेलं, हे त्या एक ग्रॅमच्या तुकड्यावरून जगातलं कुठलंही यंत्र सांगू शकत नाही. ते कळायचं तर कुणाला तरी कारखान्याच्या दारातून आत जाऊन मागच्या बाजूला पाणी कुठून बाहेर पडतं ते बघावं लागतं.

शून्य विसर्ग प्रत्यक्षात कसा असतो

२०११ मध्ये तमिळनाडू सरकारने सामाईक केंद्रांना २०० कोटींचं बिनव्याजी कर्ज दिलं. ज्या केंद्रांची यंत्रणा सिद्ध झाली त्यांना टप्प्याटप्प्याने परवानगी मिळत गेली.

यंत्रणा साखळीची आहे. आधी जैविक प्रक्रियेने सेंद्रिय घाण कमी करायची, उरलेला रंग काढायचा, गाळून आरओच्या पडद्यांवर घ्यायचं. आरओमधून पंच्याऐंशी ते नव्वद टक्के पाणी गोडं होऊन परत डाईंगला जातं. उरतं ते रिजेक्ट, घट्ट खारट पाणी. खरी परीक्षा इथून पुढे आहे. ते पाणी वाफेवर आटवायचं, एकामागून एक जोडलेल्या बाष्पकांत, शेवटी स्फटिक काढायचे. वाफ म्हणजे बॉयलर, बॉयलर म्हणजे लाकूड किंवा कोळसा. केंद्राच्या खर्चात इंधन आणि वीज हेच मोठे आकडे.

तिरुप्पूरने इथे एक फार हुशारीची गोष्ट केली, आणि ती बाहेर पुरेशी माहीत नाही. साधं मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. रंगाईत त्याच्या जागी सोडियम सल्फेट, म्हणजे ग्लॉबर सॉल्टही चालतं. सल्फेट थंड केलं की स्वच्छ स्फटिक होऊन वेगळं पडतं. दोन्ही क्षार मिसळलेले असले की मात्र वेगळे करणं जिकिरीचं होतं आणि हाती येतो तो निरुपयोगी मिश्र क्षार. अरुलपुरमच्या सामाईक केंद्रात सभासद युनिटं सल्फेटकडे वळली आणि रिजेक्टवर प्रक्रिया करून तेच खारट पाणी पुन्हा रंगाईच्या बाथमध्ये वापरण्याची पद्धत बसवली गेली. ज्या मिठाने नदी मारली, तेच मीठ आता विकत घेण्याऐवजी परत मिळू लागलं. डाईंग मास्टरला सुरुवातीला धाकधूक होती की शेड हलेल, लॉट-टू-लॉट फरक पडेल. परत आलेल्या ब्राइनमधला, म्हणजे त्या खारट पाण्यातला, कडकपणा काढून टाकला तर तसं होत नाही, हे कामातूनच सिद्ध झालं.

आज तिरुप्पूरचे निर्यातदार रोज सुमारे १३ कोटी लिटर पाणी शुद्ध करून पुन्हा वापरत असल्याचं सांगतात. पूर्वी जे पाणी ओरत्तुपालयमला जात होतं, त्याहून हे जास्त आहे.

प्रमाणपत्रं पुढे सरकली ती कशी

ओको-टेक्सकडे १९९५ पासून कारखान्यासाठीचं वेगळं प्रमाणपत्र होतं, स्टँडर्ड १०००. पण बाजारात नाव होतं ते १०० चं. २०१३ मध्ये त्या स्टँडर्ड १००० च्या जागी स्टेप नावाचं प्रमाणपत्र आलं. त्यात रसायनांचं व्यवस्थापन, पर्यावरणावरचा परिणाम, पर्यावरण व्यवस्थापन, कामगारांची सुरक्षितता, सामाजिक जबाबदारी आणि गुणवत्ता असे भाग आहेत, कारखान्यात जाऊन तपासणी होते आणि तीन पातळ्यांत गुणांकन होतं. २०१५ च्या मेड इन ग्रीन लेबलमध्ये दोन्ही एकत्र आलं: कापडही तपासलेलं हवं आणि ते ज्या कारखान्यांत बनलं तेही. सेंद्रिय कापडासाठीच्या गॉट्स या प्रमाणपत्रात सुरुवातीपासून ओल्या प्रक्रियेच्या प्रत्येक युनिटला चालू सांडपाणी यंत्रणा बंधनकारक आहे. २०११ मध्येच, ग्रीनपीसच्या मोहिमेनंतर मोठ्या ब्रँडनी झेडडीएचसी नावाचा कार्यक्रम सुरू केला. त्याचा भर तयार कापडावर नसून कारखान्यात कुठलं रसायन मुळात आणायचंच नाही यावर आहे.

हा बदल मी खूप मोठा मानतो. नोनिलफिनॉल इथॉक्झिलेटचं उदाहरण घ्या. धुलाईच्या साबणात, वेटिंग एजंटमध्ये हे सर्रास असायचं. कापडात त्याचा थोडा अंश उरायचा आणि युरोपातल्या घरांत कपडे धुतले की तिथल्या नद्यांत जायचा. फेब्रुवारी २०२१ पासून युरोपने धुवायच्या कापडात त्याला ०.०१ टक्क्याची मर्यादा लावली. पण इथल्या प्रोसेस हाऊसमधून थेट गटारात जाणारा त्याचा मोठा वाटा तयार कापडाच्या चाचणीत कधीच दिसत नाही. तो थांबतो फक्त स्टोअरमध्ये ड्रम आत येतानाच नाकारला तर.

तरीही साखळीची एक कडी तपासली म्हणजे सगळी साखळी तपासली, असं होत नाही. तिरुप्पूरच्या भोवती सूतगिरण्यांचा मोठा पट्टा आहे. विदर्भातला कापूसही तिथे जातो. तीन वर्षांच्या करारावर, शेवटी एकरकमी पैसे देण्याच्या बोलीवर कोवळ्या मुलींना गिरणीत ठेवण्याची सुमंगली नावाची प्रथा याच पट्ट्यात गाजली. डाईंग युनिट कितीही नीट असलं तरी त्याच्या प्रमाणपत्रातून सूत कातणाऱ्या मुलीबद्दल काही कळत नाही. आणि कागदाची स्वतःची मर्यादाही आहेच. २०२० मध्ये गॉट्सने भारतातला सुमारे २०,००० टन कापूस खोट्या व्यवहार-प्रमाणपत्रांवर सेंद्रिय म्हणून विकला गेल्याचं उघड केलं आणि ११ कंपन्यांवर बंदी घातली. त्या कागदांवरचा क्यूआर कोड सरकारी संकेतस्थळाच्या हुबेहूब नकलेवर नेत होता. तपासणाऱ्याने कोड स्कॅन केला, पान उघडलं, सगळं जुळलं.

जे सुटलेलं नाही, आणि आपल्याकडचं

शून्य विसर्गाने नदीतलं मीठ थांबलं, पण मिश्र क्षाराची पोती अजूनही केंद्रांच्या आवारात शेडखाली साठवावी लागतात. ती कुठे टाकायची याला सोपं उत्तर नाही, कारण पावसात विरघळली की पुन्हा तेच. बाष्पकांसाठी जळणारं इंधन हवेत जातं. आणि सगळ्यात अन्यायाची बाब म्हणजे खर्चाची विषमता. केंद्र सरकारच्या २०१५ च्या मसुद्यात दिवसाला २५ हजार लिटरहून जास्त सांडपाणी असलेल्या सगळ्या कापड प्रक्रिया युनिटांना शून्य विसर्ग सुचवला होता. २०१६ च्या अंतिम नियमांत ते सरसकट राहिलं नाही. संवेदनशील भागांत गरजेप्रमाणे लावण्याची मुभा राज्यांच्या मंडळांना मिळाली. म्हणजे तिरुप्पूरचा कारखानदार पाणी आटवण्याचा खर्च किमतीत धरतो, आणि दुसऱ्या शहरातला त्याचा स्पर्धक तो न धरता त्याच बायरला कोटेशन देतो. दोघांच्या कापडावर स्टँडर्ड १०० चं लेबल सारखंच दिसतं.

आपल्या इचलकरंजीत पंचगंगा आहे. तिच्यात कोल्हापूर-इचलकरंजीचं मैलापाणी, साखर कारखाने आणि प्रोसेस हाऊस या सगळ्यांचा वाटा आहे, त्यामुळे एकट्या कापडाला जबाबदार धरणं चुकीचं ठरेल. पण शिरोळ तालुक्यातली गावं नदीच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरतात, आणि त्यांची तक्रार ओरत्तुपालयमच्या शेतकऱ्यांच्या तक्रारीशी बऱ्याच अंशी जुळते. इचलकरंजीत होजिअरी कमी आणि पॉवरलूमचं कापड जास्त, त्यामुळे रंगाईच्या पद्धतीही वेगळ्या. पॅडवर, म्हणजे रोलरांमध्ये दाबून, रंगवताना मीठ कमी लागतं; जिगरवर, म्हणजे कापड बाथमधून पुढे-मागे फिरवून, रंगवताना जास्त. आपली परिस्थिती तिरुप्पूरइतकी टोकाची नाही ती त्यामुळेही. सावध व्हायला वेळ आहे.

निर्यातदारांना आणि ऑडिट करणाऱ्यांना माझं एक साधं सांगणं आहे. महागडं उपकरण न लागता होणारी तपासणी आहे आणि ती बहुतेक ठिकाणी केलीच जात नाही. युनिटची महिन्याची मीठखरेदीची बिलं मागा, साधं मीठ आणि ग्लॉबर सॉल्ट दोन्हींची. दिवसाला पाच टन सुती माल रिअ‍ॅक्टिव्हमध्ये रंगवणारं युनिट, फिकट-गडद शेड मिळून किलोला सरासरी ३०० ग्रॅम मीठ धरलं तर, दिवसाला दीड टन आणि सव्वीस दिवसांच्या महिन्यात ३९ टन मीठ वापरतं. मीठ कापडात उरत नाही, हवेत उडत नाही आणि प्रक्रियेत नष्टही होत नाही. मग परत मिळालेल्या क्षाराचं रजिस्टर, ब्राइन किती परत वापरलं त्याचं मीटर आणि शेडखालच्या पोत्यांचं वजन मिळून ३९ टनांच्या जवळपास बेरीज यायला हवी. दहा टनांचाच हिशोब लागत असेल, तर बाकीचे २९ टन कुठे आहेत, हे ऑडिटच्या अहवालात लिहा आणि ते पान स्टँडर्ड १०० च्या प्रमाणपत्राला जोडून बायरला पाठवा.